मदत हवी आहे: जागा पूररेषेत म्हणून कर्ज महाग?

नमस्कार मंडळी. चिपळूणला आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी गोदामात शिरलं, सगळा माल गेला. तरी कर्जाचा एकही हप्ता आम्ही थकवला नाही. आता कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाचं) नूतनीकरण करताना बँक अर्धा टक्का जास्त व्याज मागतेय, कारण जागा पूररेषेत. विम्याचा हप्ताही वाढलाच आहे. रिझर्व्ह बँकेचा फेब्रुवारी २०२४ चा हवामान जोखमीचा (पूर, वादळ वगैरेंमुळे बँकांना होऊ शकणाऱ्या नुकसानीचा) मसुदा तर बँकांनी स्वतःच्या अशा जोखमीची माहिती जाहीर करण्याबद्दल होता. मग त्यावरून आमच्या कर्जाचा व्याजदर कसा ठरतो? जोतं उंच करून, माल माळ्यावर हलवून कुणी दर कमी करून घेतलाय का? कोणती कागदपत्रं दिलीत? पुढच्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांना भेटायचंय.