कॉर्नेलचा लॅक्रोस सीझन २०२५ आणि सीजे कर्स्ट : तुम्ही कुठून पाहिलात, काय पाहिलंत?

२६ मे २०२५ ला बॉस्टनजवळच्या फॉक्सबरोच्या जिलेट स्टेडियममध्ये, जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या लॅक्रोस या खेळाच्या फायनलमध्ये, कॉर्नेल विद्यापीठाने मेरिलँड विद्यापीठाला १३-१० हरवलं. इथाकाला, म्हणजे कॉर्नेलच्या गावाला, कॉलेज लॅक्रोसचं राष्ट्रीय विजेतेपद १९७७ नंतर पहिल्यांदाच आलं. तेरापैकी सहा गोल एकट्या सीजे कर्स्टचे. आपल्यातले कितीतरी जण तिथे शिकलेत, कुणाची मुलं हा खेळ खेळतात, कुणी इतक्यातच बघायला लागलंय. सगळ्यांनी वर आपल्या गावाचं नाव टाकून लिहा. स्कोअर कुठेही मिळतो, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. सुरुवात मी करते.

इथाका

मी मूळची साताऱ्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये मास्टर्सला इथे आले तेव्हा लॅक्रोस हा शब्द फक्त ऐकून माहीत होता. मार्चमध्ये लॅबमधली मैत्रीण ओढतच कॉर्नेलच्या शोल्कॉफ मैदानावर घेऊन गेली. दोन स्वेटर, वर जॅकेट, तरी दात वाजत होते. पहिली दहा मिनिटं चेंडूच दिसेना. मग एका खेळाडूच्या हातांकडे लक्ष गेलं. पळताना तो जाळीची काठी सारखी झुलवत होता, म्हणजे चेंडू जाळीच्या खोबणीत बसून राहतो. याला इथे क्रेडलिंग म्हणतात, सरळसरळ पाळणा हलवणं. आमची आजी एका हाताने भाजी निवडायची आणि दुसऱ्या हाताने झोळीची दोरी ओढायची. झोका थांबला की बाळ रडलंच. इथे झोका थांबला की चेंडू गेलाच.

दहा-दहा खेळाडू, पंधरा मिनिटांचे चार भाग, सहा फूट बाय सहा फुटांची गोलची चौकट. गोलच्या मागेही खेळायला जागा असते, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते तिथलंच. पंधरा नंबरचा कर्स्ट मागून फिरून येतो, बचाव करणारा क्षणभर चेंडूकडे बघतो आणि तेवढ्यात हा मोकळ्या जागेत पोचलेला असतो. चेंडू हातात नसताना कुठे असावं हे त्याला कळतं. गोल मारणारे पुष्कळ असतात, ही समज फार थोड्यांना असते. २०२५ च्या सीझनमध्ये त्याने ८२ गोल केले आणि एका सीझनच्या विक्रमाशी बरोबरी केली. कारकिर्दीत एकूण २४७, पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाच्या, पुरुष लॅक्रोसमध्ये इतके आधी कुणाचेच नव्हते. आणि कॉर्नेल ज्या आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये आहे, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. सकाळी सराव करून ही मुलं आमच्याच वर्गांना यायची.

बॉस्टन

वरचं वाचून राहवलं नाही. मी २००९ साली कॉर्नेलला होतो. त्या वर्षीची फायनलही याच जिलेट स्टेडियममध्ये होती, समोर सिरॅक्यूज विद्यापीठ. आम्ही ९-६ ने पुढे होतो. आमचा मॅक्स सायबोल्ड पुढे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझ्या शेजारचा मित्र मिठी मारायच्या तयारीत उभा होता. आणि चार सेकंद उरलेले असताना सिरॅक्यूजने ९-९ केलं. जादा वेळेत त्यांनी दहावा मारला. पार्किंगमधून गाडी निघायला दीड तास लागला, त्या दीड तासात आम्ही चौघं एक शब्द बोललो नाही.

सोळा वर्षांनी त्याच स्टेडियममध्ये मुलाला घेऊन गेलो. बायको म्हणाली, पुन्हा तेच झालं तर पोराला कशाला रडवतोस? शेवटच्या पाच मिनिटांत मी घड्याळाकडे पाठ करून उभा होतो. मुलगा स्कोअर सांगत होता, मी विचारत होतो, "किती सेकंद?" तो शून्य म्हणाला तेव्हा कुठे वळलो. मैदानावर आमच्या पोरांचा ढीग पडला होता. २००९ च्या त्या तीन मित्रांना एकापाठोपाठ एक फोन लावले, एकालाही धड बोलता येईना.

अजून एक. सेमीफायनलला पेन स्टेट विद्यापीठाला ११-९ हरवलं, त्यांचे कोच जेफ टॅम्ब्रोनी. २००९ ला ते आमचे कोच होते. त्यांना हरलेलं बघताना आनंद पूर्ण झाला नाही, हे मनापासून सांगतो.

न्यू जर्सी

माझा धाकटा चौदा वर्षांचा आहे, गोलकीपर. चेंडू घट्ट रबराचा असतो. मांडीवर निळे-काळे वळ घेऊन येतो, मी आंबेहळद लावते. सुरुवातीला रोज भांडण व्हायचं, क्रिकेट काय वाईट होतं म्हणून.

आमच्या भागात कर्स्टांचं घर सगळ्यांना माहीत आहे. पाच भाऊ, कॉनर, कॉलिन, कोल, सीजे आणि केडन, पाचही जण पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळले. वडील काइल इथल्याच रटगर्स विद्यापीठाकडून खेळलेले. ते २०१५ मध्ये गेले तेव्हा सीजे शाळेत होता. माझ्या नवऱ्याचे वडीलही तो दहावीत असताना गेले, म्हणून आमच्या घरी हा विषय निघाला की दोन मिनिटं शांतता होते. फायनलला सहावा गोल झाला तेव्हा माझा मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. नवरा टीव्हीकडे न बघता म्हणाला, "त्याची आई कशी असेल गं आत्ता?" पाच मुलांची हेल्मेटं, पाच जणांचे सामने, पाच दिशांना गाड्या. एका मुलाचं करताना माझा जीव मेटाकुटीला येतो.

त्या संध्याकाळी धाकट्याने गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारायला सुरुवात केली. टक, टक, टक, दिवेलागणी होईपर्यंत. मी थांबवलं नाही.

बाल्टिमोर

मी मेरिलँडवाला, म्हणून थोडक्यात. २०२२ च्या फायनलला आम्ही कॉर्नेलला ९-७ हरवलं होतं, आमची टीम त्या वर्षी एकदाही हरली नव्हती. कर्स्ट तेव्हाही समोर होता. तीन वर्षांनी तोच पुन्हा आला आणि आमच्या बचावाला त्याचं उत्तर सापडलं नाही. वाईट वाटलं, पण सामना संपल्यावर आमच्या स्टँडमध्ये लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

कोल्हापूर

मी पंधरा वर्षं हॉकी खेळलो, आता मुलांना शिकवतो. पुतण्या अमेरिकेत असतो, त्याने लिंक पाठवली. इथे रात्रीचे साडेदहा. बघतच राहिलो. हॉकीत चेंडू जमिनीवर असतो, नजर खाली. इथे चेंडू हवेत आणि काठी खांद्याला, त्यामुळे मान वर असते, सगळं मैदान दिसतं. दुसऱ्या दिवशी मुलांना त्याच फायनलचे तुकडे दाखवले आणि फक्त पंधरा नंबर बघा म्हटलं, चेंडू बघू नका. एका पोराने बरोबर पकडलं, म्हणाला, "सर, तो थांबतच नाही." मला तेवढंच हवं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सहा-सहा खेळाडूंचं लॅक्रोस आहे, तेव्हा ही मुलं आपली आपण बघतील.

सिरॅक्यूज

एक गोष्ट राहायला नको. हा खेळ मुळात इथल्या हौदेनोसौनी लोकांचा, म्हणजे मूलनिवासी राष्ट्रांच्या एका संघाचा. त्यांच्यातल्या ओनोंडागांची भूमी माझ्या घरापासून जवळ आहे. त्यांच्यात हा निर्मात्याने दिलेला खेळ मानतात, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळतात. कर्स्टला २०२५ चा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळालेल्या तेवारातोन पुरस्काराचं नावही त्यांच्यातल्याच मोहॉकांच्या भाषेतलं, लॅक्रोससाठीचा त्यांचा शब्द. कॉर्नेल ज्या कायुगा सरोवराच्या काठी आहे तेही त्यांच्यातल्याच एका राष्ट्राच्या नावाचं. आपण विठ्ठलाचं नाव घेताना चंद्रभागेचं घेतोच ना, तसं इथे त्यांचं नाव घ्यावं असं मला वाटतं.

बॉस्टन, पुन्हा

कॉर्नेल टीमच्या लाल हेल्मेटचं कुणीच लिहिलं नाही म्हणून परत आलो. बांधकामावर घालतात तसलं टोप आहे ते. दर वर्षी पहिल्या वर्षातल्या एका मुलाला सांभाळायला देतात, स्वतःपेक्षा टीमचं जास्त बघणाऱ्याला. त्यावर २१ आकडा असतो, टीममधल्या जॉर्ज बोयार्डीचा. १७ मार्च २००४ ला शोल्कॉफवरच्या सामन्यात चेंडू अडवताना तो छातीवर लागला आणि जॉर्ज गेला. शेवटच्या वर्षाला होता. २१ नंबर नंतर कुणी घातला नाही. मी त्याला पाहिलेलं नाही, पण आमच्या काळात सामन्याच्या आधी त्या हेल्मेटकडे नजर गेली की सगळ्यांचा आवाज खाली यायचा.

इथाका

सगळ्यांचं वाचून रडू आवरेना. माझं एक उरलंय ते लिहिते.

सेमीफायनल २४ मेला, शनिवारी होती आणि त्याच दिवशी आमचा पदवीदान समारंभ, तोही शोल्कॉफवरच. आई-बाबा साताऱ्याहून आलेले. टीममधल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची ही पदवी, त्यांचंच मैदान, आणि ती मुलं फॉक्सबरोला. बाबांना हे फार लागलं. "त्यांच्या आईवडिलांनी काय बघायचं, डिग्री की सामना?" दुपारभर फोटो काढताना मला दर दोन मिनिटांनी विचारत होते, काय झालं, काय झालं. स्वतः कबड्डी खेळलेले, त्यांना चैन पडत नव्हतं.

सोमवारी घर रिकामं केलं होतं. टीव्ही विकलेला, म्हणून सुटकेसवर लॅपटॉप ठेवून तिघांनी जमिनीवर बसून फायनल पाहिली. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली होती, तिसऱ्या भागापासून कुणी हात लावला नाही. जिंकल्यावर बाबा उठले आणि चप्पल घालायला लागले. म्हणाले, मैदानावर जाऊन येऊ.

चालत गेलो. फाटक उघडं होतं. समारंभाच्या खुर्च्या एका कडेला रचून ठेवलेल्या. आम्ही स्टँडमध्ये बसलो. आईने बांधून आणलेल्या दशम्या तिथे संपवल्या. बाबांनी विचारलं, "तो पंधरा नंबर कुठून यायचा?" मी गोलच्या मागची जागा दाखवली. ते बराच वेळ तिकडे बघत होते.