शब्दचर्चा: लूपमधला 'असर्ट' म्हणजे प्रतिपादन, दावा की ग्वाही?

कोडकरी
डिप्लोमाच्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची टिपणं मराठीत लिहितोय. 'असर्शन'पाशी अडलोय, म्हणजे कोडमध्ये 'या जागी हे खरं असलंच पाहिजे' असं जे लिहितो त्यापाशी; पायथनमध्ये ते 'असर्ट' लिहून करतात, आणि ते खोटं निघालं की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. 'प्रतिपादन' लिहिलं की व्यासपीठावरचा वक्ता डोळ्यांपुढे येतो, 'ठाम विधान' फारच पुस्तकी वाटतं. दुसरी अडचण 'लूप इन्व्हेरियंट'ची, म्हणजे लूपच्या (तीच कामं फेऱ्याफेऱ्यांनी करणाऱ्या कोडच्या) दर फेरीत खरं राहणाऱ्या विधानाची. 'अचल' चालेल का? आणि मुळात लूपमध्ये असर्ट नक्की कुठे टाकायचा, हेही दोन ओळींत सांगता येईल असं कुणी सुचवलं तर बरं होईल.

तिरकस
'अचल' मुळीच नको. शाळेपासून 'चल' म्हणजे व्हेरिएबल, त्यामुळे 'अचल' वाचणारा त्याला कॉन्स्टंट समजणार. लूपमधले चल तर दर फेरीला बदलतात. टिकतं ते त्यांच्यातलं नातं. यादीची बेरीज घ्या:

बेरीज = ०; क्र = ०
जोवर क्र < लांबी:
  बेरीज = बेरीज + यादी[क्र]
  क्र = क्र + १

'बेरीज म्हणजे पहिल्या क्र आकड्यांची बेरीज' हे विधान प्रत्येक फेरीच्या तोंडाशी खरं असतं. मधल्या दोन ओळींच्या फटीत मात्र ते खोटं असतं, कारण बेरीज पुढे गेलेली असते आणि क्र मागेच असतो. एसटीचा कंडक्टर तिकिटं फाडत असताना मध्येच हिशोब विचारलात तर जुळणार नाही, टप्पा आला की जुळलाच पाहिजे. म्हणून असर्ट फेरीच्या तोंडाशी टाका, किंवा अगदी शेवटी. अधेमधे टाकलात तर बरोबर असलेला कोडही फुटेल.

'अचल'ऐवजी 'टिकतं विधान' म्हणा. शब्द गावठी आहे, पण अर्थाला धरून आहे.

जुनी_पाटी
'असर्शन' शब्द या धंद्यात फार जुना आहे. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमान या गणितज्ञांनी १९४७ साली फ्लोचार्ट (प्रोग्रॅमच्या पायऱ्यांचे आराखडे) मांडले, त्यांत असर्शनसाठी वेगळी चौकटच होती. २४ जून १९४९ रोजी केंब्रिजच्या परिषदेत गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने मोठं रूटीन, म्हणजे प्रोग्रॅम, तपासायचं कसं यावर छोटासा निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅमरने ठरावीक ठिकाणी नेमकी विधानं लिहून द्यावीत. मग तपासनिसाला एकेक विधान सुटं तपासता येतं आणि त्यांवरून सगळा प्रोग्रॅम बरोबर असल्याचं निघतं. उदाहरण होतं गुणाकार न वापरता, नुसत्या बेरजा करून फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार) काढण्याचं, म्हणजे लूपच्या पोटात लूप. पुढे १९६७ साली फ्लॉइड आणि १९६९ साली होअर या संगणकशास्त्रज्ञांनी हीच कल्पना तर्कशास्त्राच्या चौकटीत बसवली.

आपल्या भूमितीच्या वहीत यातले दोन शब्द आयते पडले आहेत: पक्ष आणि साध्य. लूप सुरू होण्याआधी जे गृहीत धरलं तो पक्ष, लूप संपल्यावर जे हवं ते साध्य. मधल्या प्रत्येक फेरीत टिकतं विधान. पहिल्या फेरीआधी ते खरं आणि एका फेरीत खरं असेल तर पुढच्या फेरीतही खरं, म्हणजे सरळसरळ गणिती विगमन. अकरावी-बारावीत ते केलेलं असतं, फक्त लूपशी त्याचा संबंध कुणी सांगत नाही.

कोडकरी
पक्ष-साध्य झकास! पण असर्शनचं काय? 'दावा' कसा वाटतो?

ग्वाहीवाली
दाव्याला प्रतिवादी लागतो. माझं मत 'ग्वाही'ला. ग्वाही म्हणजे साक्ष, आणि 'मी ग्वाही देतो' म्हणताना बोलणाऱ्याने स्वतःची पत पणाला लावलेली असते. असर्ट तेच करतो: 'माझ्या कोडमध्ये या जागी हे खरं असणारच, नसेल तर पुढे जाऊच नका.'

काहीजण 'खातरजमा' सुचवतील. त्याला माझा सक्त विरोध आहे, कारण तो शब्द दुसऱ्याच कामाचा. वापरकर्त्याने वय उणे पाच भरलं, फाइल सापडली नाही, यांची खातरजमा करायची, आणि ती साध्या 'इफ'ने करून रीतसर एरर द्यायची. ग्वाही इतरांच्या चुकांबद्दल नसते, आपल्याच तर्काबद्दल असते. हा फरक निव्वळ भाषेचा नाही. पायथनला '-ओ' हा पर्याय (कॅपिटल ओ) दिला की सगळे असर्ट गळून पडतात. सी भाषेत 'एनडीबग' डिफाइन केलं की तेच. जावामध्ये असर्ट १.४ या आवृत्तीत आला आणि तो आपोआप चालूच नसतो, '-ईए' देऊन चालू करावा लागतो. खातरजमा असर्टवर सोपवली, तर ती नेमकी गिऱ्हाइकाच्या मशीनवर गायब होणार.

लूपमध्ये याचा सगळ्यात वाईट नमुना हा:

जोवर रांग:
  असर्ट रांग.पॉप() > ०

पॉप म्हणजे रांगेतला एक आकडा काढून घेणं. एरवी रांग रिकामी होते आणि लूप थांबतो. '-ओ' दिल्यावर पॉपसुद्धा गेला, रांग तशीच राहिली, लूप अनंत. ग्वाही देताना कशालाही हात लावायचा नसतो.

तिरकस
'ग्वाही'ला माझी ग्वाही. ऑफिसात 'असर्ट फुटला' असंच म्हणणार सगळे, ते वेगळं.

अर्धा_पट्टा
बायनरी सर्चवर, म्हणजे दर फेरीला यादीचा पट्टा अर्धा करत शोधण्यावर, बोलल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. क्रमाने लावलेल्या यादीत 'शोध'पेक्षा लहान नसलेली पहिली जागा शोधायची आहे:

डावा = ०; उजवा = लांबी
जोवर डावा < उजवा:
  मध्य = (डावा + उजवा) // २
  जर यादी[मध्य] < शोध: डावा = मध्य + १
  नाहीतर: उजवा = मध्य

फेरीच्या तोंडाशी 'यादी क्रमाने लावलेली आहे' असा असर्ट टाकलेला मी कित्येकदा पाहिलाय. दहा लाखांच्या यादीत फेऱ्या होतात साधारण वीस. प्रत्येक फेरीत सगळी यादी चाळली की दोन कोटींच्या आसपास तुलना, मग सर्च बायनरी ठेवून मिळवलं काय? यादीचा क्रम लूपमध्ये बदलतच नाही. तो पक्ष आहे, लूपच्या बाहेर एकदाच तपासा, तोही टेस्ट चालवताना. आतली ग्वाही स्वस्तात देता येते: डावा शून्य आहे किंवा यादी[डावा − १] < शोध, आणि उजवा लांबीएवढा आहे किंवा यादी[उजवा] >= शोध. दोनच तुलना, आणि यादी क्रमाने असेल तर त्यात टिकतं विधान पूर्ण सामावतं.

आता 'मध्य + १'मधला १ विसरा. डावा ते उजवा हा पट्टा एक घराचा उरला की मध्य म्हणजेच डावा, काहीच सरकत नाही, लूप फिरत राहतो. आणि वरची ग्वाही प्रत्येक फेरीत खरीच! टिकतं विधान कितीही चोख असलं तरी लूप थांबेल याची हमी ते देत नाही. त्यासाठी दुसरी ग्वाही लागते: काहीतरी दर फेरीला घटलंच पाहिजे. इथे ते 'उजवा − डावा'. फेरीच्या सुरुवातीला ते जुना_पट्टा म्हणून ठेवा आणि शेवटी 'असर्ट उजवा − डावा < जुना_पट्टा' लिहा. आयफेल भाषेत लूपच्या रचनेतच इन्व्हेरियंट आणि व्हेरियंट अशा दोन जागा दिल्यात. व्हेरियंटला आपण 'घटती राशी' म्हणू.

जुनी_पाटी
घटती राशीही ट्युरिंगच्या त्याच निबंधात आहे. आधी त्याने ती अनंत क्रमवाचक संख्यांत (अनंतापुढेही क्रम लावणाऱ्या संख्यांत) मांडली आणि मग कमी विद्वत्तेची म्हणून २च्या ८०व्या घाताने गुणणारी साधी पूर्णांकी रचनाही दिली.

जाता जाता: जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये हीच मध्य काढायची ओळ चुकलेली होती. २००६ साली जोशुआ ब्लॉक या प्रोग्रॅमरने ते जाहीर लिहिलं. यादीत २चा ३०वा घात, म्हणजे १०७ कोटींहून जास्त घरं असली की डावा + उजवा ही बेरीज ३२ बिटांत मावत नाही आणि मध्य ऋण निघू शकतो. पायथनच्या पूर्णांकांना ही अडचण नाही.

कोडकरी
टेस्टमध्ये लूप फिरवून प्रत्येक उदाहरणावर असर्ट लावतात, तीही ग्वाहीच का?

ग्वाहीवाली
नाही, ती परीक्षा. तिथे दोन खड्डे आहेत. पहिला असर्ट फुटला की लूप तिथेच संपतो, पुढची उदाहरणं चाललीच नाहीत हे कळत नाही. पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनांत त्यावर सोय आहे, प्रत्येक उदाहरण सुटं तपासलं जातं: पायटेस्टमध्ये 'पॅरामेट्राइझ' वापरा, युनिटटेस्टमध्ये पायथन ३.४पासून 'सबटेस्ट' आहे. दुसरा खड्डा जास्त घातक: उदाहरणांची यादीच रिकामी आली तर एकही असर्ट न चालता टेस्ट हिरवी, म्हणजे पास, होते. म्हणून लूपच्या आधी एक ओळ, 'असर्ट उदाहरणे'. आणि पायथनमध्ये असर्टची अट व संदेश मिळून एकाच कंसात घालू नका. तो टपल (कंसातल्या गोष्टींचा एक गठ्ठा) होतो, आणि भरलेला टपल नेहमी खराच.