आड, पोहरा आणि जॅझच्या जुन्या रेकॉर्डी

सुईदोरा (पुणे)

जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांशी जरा भांडायचं आहे, म्हणून हा धागा. पहिल्या आवृत्तीच्या मागे धावण्याआधी घरातल्या रेकॉर्ड प्लेअरची सुई सरळ करा, एवढंच माझं म्हणणं.

मीही धावलोय. मायल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची कोलंबिया कंपनीची, लेबलावर डोळ्यासारख्या सहा खुणा असलेली जुनी प्रत अमेरिकेतून मागवली. घरात सांगितलेल्या किमतीच्या तिप्पट पैसे गेले. पहिल्या बाजूला शेवटी 'ब्लू इन ग्रीन' आहे. त्यात मायल्स ट्रम्पेटला म्यूट लावून अगदी कानाशी येऊन वाजवतो, आणि माझ्याकडे नेमका तिथेच आवाज फाटायचा, जुनं मांजरपाट टरकावल्यासारखा. वर्षभर मी विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली.

मग एक मित्र कागदी प्रोट्रॅक्टर (सुईची जागा आणि कोन तपासायचा छापील कागद) घेऊन आला. माझ्या टेक्निक्स १२०० या रेकॉर्ड प्लेअरवर सुईचं टोक हेडशेलच्या (दांड्याच्या पुढच्या तुकड्याच्या) रबरी वायसरपासून ५२ मिमीवर हवं, ते ४८ वर होतं. सुईने रेकॉर्डवर टाकायच्या वजनाचं तर विचारूच नका. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते त्या डबीला) दोन ग्रॅम लागतात, मी दीड ठेवलं होतं. का, तर रेकॉर्ड जपायची म्हणून! हलकी सुई रेकॉर्डच्या खाचेत बसत नाही, दोन्ही भिंतींवर आपटत जाते आणि योग्य वजनापेक्षा जास्त वाट लावते. दोन स्क्रू ढिले केले, कार्ट्रिज पुढे सरकवलं, दांड्यामागचं काउंटरवेट फिरवून वजन बरोबर केलं. प्रत तीच, रचना तीच, पण फाटणं जवळजवळ गेलं. खर्च म्हणाल तर मित्राला दिलेला चहा.

शेवटचीच रचना का फाटते? बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच सरकते, आत लेबलापाशी जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. कोनात चूक असली की ती तिथे चव्हाट्यावर येते.

(प्रोट्रॅक्टर छापताना प्रिंटरचं 'पानात बसवा' बंद करा. नाहीतर मापच आक्रसतं आणि तुम्ही मोठ्या श्रद्धेने चुकीच्या जागी कार्ट्रिज आवळता. हेही स्वानुभवाने.)

गिरगावकर

कथा छान. पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

रेकॉर्डिंगची मूळ टेप म्हातारी होते हो. १९५९ साली ताज्या टेपवरून कापलेल्या खाचेत जे आहे, ते साठ वर्षांनी त्याच टेपवरून काढलेल्या चकचकीत आवृत्तीत कसं उतरेल? माझ्याकडे सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनची 'ब्लू ट्रेन' आहे, ब्लू नोट कंपनीची, मोनो. लेबलाजवळच्या कोऱ्या भागात आरव्हीजीचा शिक्का आहे. म्हणजे रूडी व्हॅन गेल्डरने स्वतः रेकॉर्डिंग केलं आणि स्वतःच मास्टर (ज्यावरून पुढे प्रती निघतात ती तबकडी) कापली. शेजारी कानासारखी दिसणारी ती 'पी'ची खूणही आहे, प्लास्टिलाइट कारखान्याची. ली मॉर्गनचा ट्रम्पेट सुरू झाला की खोलीतली हवा हलते. नवी आवृत्तीही आणून ऐकली. स्वच्छ आहे, इस्त्री केल्यासारखी. आणली तशी भाच्याला देऊन टाकली.

आमचे वडील १९७८ साली मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात सॉनी रॉलिन्सला ऐकून आले होते. सॅक्सोफोन कसा लागतो ते आमच्या घरात प्रोट्रॅक्टर लावून शिकवलेलं नाही.

सुईदोरा (पुणे)

काका, आडात पाणी आहे, नाही कोण म्हणतंय? पोहऱ्याला भोक आहे, एवढंच सांगतोय.

आणि कधी कधी आडच कलता असतो. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत झाल्या. त्या दिवशी टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे ती टेप बरोबर वेगाने लावली की सूर चढे लागतात. सोबत वाद्य घेऊन बसणाऱ्यांची पट्टी जुळत नसे. ही चूक दुरुस्त होऊन आवृत्ती निघाली १९९२ मध्ये. म्हणजे मी कर्ज काढल्यासारखे पैसे मोजून जी 'अस्सल' प्रत आणली, तिची एक अख्खी बाजू चढी आहे!

गिरगावकर

तेहतीस वर्षं जग ज्या सुरात ते ऐकत आलं, तोच त्याचा सूर. तुमच्या आजीची पुरणपोळी जरा जाड असायची म्हणून तुम्ही आता ती लाटून पातळ करणार का?

एडिसनकर (न्यू जर्सी)

पुरणपोळीला +१. पण काका, शिक्क्याची भक्ती जरा आवरा. 'ब्लू ट्रेन' १९५७ साली हॅकेन्सॅकला रेकॉर्ड झाली, माझ्या घरापासून तासाभराच्या आत. स्टुडिओ कसला, व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचं राहतं घर, त्यातला दिवाणखाना. दिवसा हा गृहस्थ डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा. एंगलवूड क्लिफ्सचा उंच लाकडी छताचा स्टुडिओ १९५९ मध्ये झाला.

माणूस थोरच, वाद नाही. पण रेकॉर्ड कापताना डोळ्यासमोर त्या काळची घरातली साधी, जड सुईची यंत्रं ठेवावी लागत. खर्ज फार सोडला तर सुई खाचेतून उडायची. टेपवर असलेलं सगळं तेव्हा खाचेत उतरायचं, असं समजू नका. आज जो टेपवरून नीट कापतो, त्याला तेवढं भ्यावं लागत नाही. २०१९ पासून ब्लू नोटची टोन पोएट मालिका निघते आहे, मूळ टेपवरून, मधे डिजिटल टप्पा न ठेवता. माझ्या कानाला त्यातला कॉन्ट्राबास (उभं, मोठं खर्जाचं तंतुवाद्य) जुन्या प्रतींपेक्षा जास्त लाकडाचा वाटतो.

हेडफोन

तुम्ही तिघंही गोड आहात. २०२२ आठवतंय का? मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी, 'मूळ मास्टर टेपवरून' म्हणून विकलेल्या. त्यातल्या कित्येकांत मधे डिजिटल टप्पा होता, हे त्या वर्षी बाहेर आलं. तोवर कितीतरी सोनेरी कानवाल्यांनी त्याच रेकॉर्डींना 'अहाहा, अ‍ॅनालॉग!' म्हणून डोक्यावर घेतलं होतं. मग फरक कान सांगतो की कव्हरावरचा मजकूर?

मी फोनवर 'ब्लू ट्रेन' लावतो. कोन नाही, वजन नाही, पावसाळ्यात बुरशी नाही.

सुईदोरा (पुणे)

हा टोला बसला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो, रेकॉर्डची बाजू वीसेक मिनिटांत संपते आणि उठावं लागतं, म्हणून मी ती बसून ऐकतो. फोनवर तुम्ही भांडी घासता घासता ऐकता.

हेडफोन

भांडी घासताना कोलट्रेन उत्तम लागतो. करून बघा.

गिरगावकर

बरं, सुईदोरांच्या नादाने आज स्ट्रोबची तबकडी (फिरण्याचा वेग तपासायची, रेषा छापलेली) आणून रेकॉर्डच्या जागी प्लॅटरवर ठेवली. माझा गॅरार्ड ३०१ प्लेअर चाळीस वर्षं बिनतक्रार फिरतोय, आणि या तबकडीवरच्या रेषा पुढे पळतायत! एवढा जोरात धावतो? वेगाचा खटका पार शेवटापर्यंत मागे घेतला तरी थांबेनात.

एडिसनकर (न्यू जर्सी)

खटका आधी होता तिथे न्या! तबकडीवर बघा, रेषांची दोन कडी असतील, एक ५० हर्ट्झच्या विजेसाठी, एक ६० च्या. ३३⅓ च्या वेगासाठी भारतात १८० रेषांचं कडं बघायचं. आमच्याकडच्या विजेला २१६ रेषा लागतात. तुम्ही २१६ वाल्याकडे बघत असाल तर योग्य वेगातही त्या पळणारच.

शिवाय दिवा कसला आहे? एलईडी बरेचदा विजेच्या ठेक्यावर लुकलुकतच नाही, मग रेषा नुसत्या पुसट होतात. जुना पिवळा बल्ब शोधा.

गिरगावकर

देवघरातला बल्ब काढून आणला. १८० वाल्या रेषा भिंतीवरच्या पालीसारख्या थांबल्या. गॅरार्ड सोळा आणे बरोबर. सुईची जागाही मोजली (पान नीट मापात छापून), एका मिमीचाही फरक नाही. वजन बरोबर.

आता खरं सांगतो. 'ब्लू ट्रेन'च्या पहिल्या बाजूच्या शेवटी 'मोमेंट्स नोटिस' आहे, ती माझ्याकडे फाटते. आधीपासूनच फाटते. मी तिकडे कानाडोळा करत आलो.

सुईदोरा (पुणे)

अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण आहे? दाबून ऐका. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. सुईच्या वरखाली होण्याने येणारी खरखर बटण दाबल्यावर कटते.

गिरगावकर

दाबलं. खरखर निम्मी झाली, ड्रम्सचा आवाज सुटा ऐकू आला. याबद्दल तुमचे आभार मानतो. पण फाटणं तसंच.

एडिसनकर (न्यू जर्सी)

म्हणजे आधीच्या मालकाने झिजलेल्या नाहीतर बोजड सुईवर ती बाजू भरपूर वाजवलीय. खाचेची भिंतच खरवडली गेली असेल.

हेडफोन

आडातच नाही म्हणायचं.

गिरगावकर

हेडफोनराव, मीठ चोळू नका.

सुईदोरा (पुणे)

अजून एक करून बघता येईल. माझ्या कार्ट्रिजला मायक्रोलाइन सुई बसते. तिचा आकार वेगळा, त्यामुळे ती भिंतीला जुन्या गोल सुईपेक्षा वेगळ्या उंचीवर टेकते. तिथली भिंत शाबूत असली तर फाटणं कमी होईल, नसली तर नाही. खात्री देत नाही. रविवारी पुण्याला याल का?

गिरगावकर

पहाटेच्या इंद्रायणीने येतो. रेकॉर्ड मांडीवर उभी धरून आणेन, वरच्या फळीवर आडवी टाकणार नाही. पण सोबत तुमची ती चढी 'काइंड ऑफ ब्लू'ही लावायची, तिन्ही रचना, न थांबवता.

हेडफोन

मी हिंजवडीत राहतो. येऊ का?

सुईदोरा (पुणे)

या. भांडी बरीच पडतील.