उसने शब्द म्हणजे पोपटपंची नव्हे
तोंडपाठ शब्दांत केलेली प्रार्थना ही पोपटपंची, खरी प्रार्थना आपसूक सुचते, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:7) येशूने निरर्थक बडबडीला हटकलंय खरं, पण लगेच पुढे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' हे शब्द शिष्यांच्या ओठी दिलेतच की. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय 26:44). आणि क्रुसावरची 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही हाक तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या (जुन्या प्रार्थनागीतांच्या संग्रहातल्या) 22व्या स्तोत्राची सुरुवात. ऐन यातनेत उसने शब्दच!

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा रात्री गुडघे टेकले की 'प्रभू' च्या पुढे माझी गाडी सरकेना. (चारचौघांत प्रार्थना करताना मात्र भाषा कशी खळाळून येते!) शेवटी 88वं स्तोत्र उघडलं. विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. देवाशी इतकं कडू बोललेलं चालतं, हे पाहून जीव भांड्यात पडला. मग रोज त्यातली एक ओळ मोठ्याने वाचायची, थांबायचं आणि आपलं एकच वाक्य जोडायचं, एवढंच करत गेलो. पहिल्या रात्रीचं वाक्य होतं, 'मला तिचा राग येतोय आणि त्याची लाज वाटतेय.' काही रात्री तेही जमलं नाही. तेव्हा पौलाच्या रोमकरांस पत्रातलं वचन (8:26) पुरलं: काय मागावं ते कळत नाही, तिथे पवित्र आत्माच (देवाचा आत्मा) शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी विनंती करतो.