काळ्या गाडीवर पांढरी वर्तुळं, काय करू?

प्रश्न (वाघोली, पुणे)
गाडी काळी, घेऊन दीड वर्ष झालं. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. वाया जायला नको म्हणून आरओमधून बाहेर पडणारं पाणी साठवतो आणि दर रविवारी त्यानंच गाडी धुतो. आता बॉनेटवर पांढरी वर्तुळं उमटलीत, शाम्पूनं जात नाहीत. तिरप्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडेही दिसतात. पॉलिश करून घेऊ का?

उत्तर १ (नाशिक)
दादा, आधी ते पाणी थांबवा. आरओनं वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. पाणी उडून जातं, क्षार रंगावर बसतात. माझ्या पहिल्या गाडीचं छत मी असंच घालवलं, अजून हळहळ वाटते.

पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घ्या. गाडी सावलीत, पत्रा गार हवा. भिजवलेलं मऊ कापड डागावर मिनिटभर ठेवा, घासू नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

ओरखडे मात्र पुसण्यामुळे आलेत. रोज सकाळी कुणी कोरड्या फडक्यानं धूळ झटकतं का? ते आजच बंद करा. धुताना दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. हातमोजा साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवायचा. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बोटं फिरवा, रेती लागेल. एका बादलीत हीच रेती आपण रंगावर फिरवत असतो. चाकं वेगळ्या कापडानं. भांड्यांचं लिक्विड नको, ते वॅक्स, म्हणजे रंगावरचं मेण, उतरवतं.

रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, वहीच्या कागदाहून पातळ. प्रत्येक पॉलिश त्यातलंच थोडं खातं, म्हणून घाई नको.

उत्तर २ (रत्नागिरी)
आमच्याकडे आंब्याचा चीक आणि पक्ष्यांची शीट. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मऊ करायचं, नखानं खरवडायचं नाही.

प्रश्नकर्ता
रविवारी सकाळी सातला केलं. वर्तुळं गेली! दोन राहिलीत, नखाला खड्डा लागतो.

उत्तर १
ती क्लिअर कोटमध्ये उतरलीत, राहू द्या. व्हिनेगरनं जुनं वॅक्सही गेलं असेल, या आठवड्यात नवा हात मारा. पाणी मण्यांसारखं ओघळायचं थांबलं की पुन्हा.