विषय: दिवाळीचं तांदूळ किट – रविवारपर्यंत कळवा

नमस्कार मंडळी,
यंदाही आपल्याला अमेरिकेतून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या गावाला दिवाळीचं किट पाठवायचंय. घरटी 10 किलो तांदूळ, तेल, डाळ. वर्गणी नेहमीचीच. कुणाची हरकत?
– खजिनदार

दादा,
हरकत नाही, पण एक बोलते. गेल्या महिन्यात माहेरी होते. शेजारच्या आज्जींबरोबर रेशन दुकानात गेले. ई-केवायसीला, म्हणजे रेशनकार्डावरचं माणूस तेच का हे पडताळायला, अंगठा लावायचा होता. जन्मभर शेण-सारवण आणि भातलावणी केलेला अंगठा, त्यावर रेघ उरलीय कुठं? आज्जींनी पदराला पुसला, जिभेला लावला, परत टेकवला. मशीन लाल. दुकानदार म्हणाला, "उठंना आज्जी, पुढच्या म्हैन्यात या." भिंतीवरचा कागद सगळा कन्नडात, आज्जी मराठी चौथी. केवायसी नाही झाली तर नाव कटणार.

आता हिशेब बघा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला 5 किलो. आज्जींच्या घरी पाच जण, म्हणजे वर्षाला 300 किलो. कर्नाटक राज्याच्या अन्नभाग्य योजनेचं आणखी वेगळं. आपलं किट 10 किलो!

इथं नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारी कामकाज ठप्प झाल्यामुळं (शटडाऊन) स्नॅप, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत, अडकलं. 4 कोटींवर लोकांचा प्रश्न. आमच्या कोपऱ्यावरच्या चर्चनं डबे वाटलेच, शिवाय रविवारी बाकावर बसून काँग्रेसमनला, म्हणजे इथल्या खासदाराला, पत्रंही लिहून घेतली. ब्रेड फॉर द वर्ल्ड ही भुकेविरुद्ध काम करणारी ख्रिस्ती संघटना 1970च्या दशकापासून हेच करते, दानाच्या ताटात पैशांबरोबर पत्रंही पडतात. आपल्याकडं पारायणाला अख्खं गाव जमतं. कीर्तन संपल्यावर बुवांनी माईकवरून केवायसीची तारीख सांगितली आणि भजनी मंडळाच्या पोरांनी अर्ज भरून दिले, तर काय बिघडतं? कायद्याच्या 29व्या कलमात दुकानपातळीवर दक्षता समिती आहे. तीत बायका हव्यातच. आमच्या गावात कोण आहे, ते विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले.
– खानापूरची लेक

वहिनी, पटतंय, पण देवळानं सरकारी भानगडीत पडू नये. आणि मराठी माणसं अर्ज घेऊन गेली की सीमाप्रश्न निघतोच.
– निपाणीवाला

भाऊजी, म्हणूनच एकट्या भजनी मंडळानं जाऊ नये. मठाचे स्वामी आणि चर्चचे फादर बरोबर घ्या. रांगेत त्यांचीही माणसं असतात, अंगठा तर कन्नड बोलणाऱ्यांचाही उठत नाही. आणि भानगडीत पडू नये म्हणता, तर डिसेंबर 2021 मध्ये शाळेच्या जेवणातल्या अंड्यांना काही लिंगायत मठाधीशांनी विरोध केला, तेव्हा राज्यभर चर्चा झालीच की. ताटातलं काढा म्हणून बोलता येतं, तर ताटात घाला म्हणूनही बोलता येईल.
– खा. ले.

मंडळी,
किट निम्मं करतो. बाकीच्यासाठी पैसेच लागतात असं नाही. नाहीतरी पैसे पाठवायला एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायचा कायदा) नोंदणीची संस्था शोधावी लागते, फोन करायला ती लागत नाही. आमच्या काकांना, म्हणजे बुवांना, मी रविवारी सांगतो. वहिनी, कन्नड लिहिता येणारं पोरगं तुम्ही बघा. रेशनच्या तक्रारीचा नंबर 1967, तोही त्याला देऊन ठेवा.
आज्जींचं झालं का पण?
– खजिनदार

नाही अजून. गुरुवारी डोळ्यावरून ओळख पटवणारं मशीन येणार म्हणे. गेल्या गुरुवारीही येणार होतं.
– खा. ले.