वाचनालयाची मागची खोली कोणाला द्यावी?

मूळ मुद्दा (पूर्व भागातील सभासद)
आमच्या वाचनालयाची दुरुस्ती निघाली असून, जुन्या ग्रंथांची मागची खोली रिकामी करून तेथे स्पर्धा परीक्षांसाठी आणखी एक अभ्यासिका काढण्याचा कार्यकारिणीचा विचार आहे. मला तो मान्य नाही. ज्या घरात आई दिवसभर विड्या वळते, वडील यंत्रमागावर असतात आणि बोलणे तेलुगूत चालते, त्या घरातील मुलाला शाळेबाहेर मराठी पुस्तक हाताळायला क्वचितच मिळते. त्या खोलीत सतरंजी अंथरून संध्याकाळी दोन्ही भाषांतील गोष्टी वाचल्या जाव्यात, बायकांना योजनांचे अर्ज भरून मिळावेत. हेलसिंकीत २०१८ साली उघडलेल्या ऊडी ग्रंथालयात शिवणयंत्रेसुद्धा आहेत. मग आपणच कपाटांना का धरून बसावे?

प्रतिसाद १ (निवृत्त ग्रंथपाल)
ताई, आपली कळकळ पोहोचली, परंतु ऊडीचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे सुमारे १ लाख पुस्तकांवर भागते, कारण आसपासच्या शहरांतील ग्रंथालयांचे सामाईक जाळे त्याच्या पाठीशी आहे आणि हवे ते पुस्तक दुसऱ्या शाखेतून मागवता येते. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा असूनही वाचनालये बहुतांशी वेगवेगळ्या संस्थांची आहेत. आपल्या कपाटात जे नाही, ते आपल्या वाचकाला सहसा मिळतच नाही. जुने दिवाळी अंक एकदा रद्दीत गेले की गेले.

प्रतिसाद २ (अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी)
आमचे घर एका खोलीचे, वर पत्रे, शेजारी मागांचा खडखडाट. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अभ्यासिकेतील पंख्याखालची खुर्ची ही चैन नसते. शिवाय वाचनालयाचे वीजबिल आमच्याच शुल्कातून भरले जाते. आम्हाला परके समजू नये.

मूळ सभासद
परके कोणीच नाही, आणि रद्दीच्या बाबतीत सरांचे म्हणणे मी पूर्णपणे मानते: यादी झाल्याशिवाय एकही अंक बाहेर जाऊ नये. मात्र ‘ग्रंथ उपयोगासाठी असतात’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या नियमांपैकी पहिलाच नियम आहे, आणि त्या खोलीचे कुलूप मी सभासद झाल्यापासून दोनदाच उघडलेले पाहिले आहे. अभ्यासिका राहू द्या. संध्याकाळचे दोन तास तेवढे मुलांना द्या.

प्रतिसाद १
दोन तासांना माझी हरकत नाही. परंतु यादी करायला माणूस कोण देणार, हे आधी कार्यकारिणीकडून लेखी घ्यावे.